चौथा जावई

लोक मला विचारतात, "समुद्राची आठवण येते का हो?" समुद्राची कसली डोंबलाची आठवण! तो खारट, चिकट, आणि रोज नव्याने गंज चढवून आमच्या मानेवर काम बसवणारा. आठवण येते ती ताज्या रंगाच्या वासाची, भंडाऱ्याने, म्हणजे जहाजावरच्या आचाऱ्याने, पातेल्यावर झारा आपटून दिलेल्या जेवणाच्या हाकेची, आणि चारच्या चहाला मागच्या डेकवर दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून फिटरशी घातलेल्या वादांची. वाद कशावरूनही व्हायचे. बटाटा सालासकट शिजवावा की सोलून, यावर आम्ही एकदा अख्खा महासागर पार केला होता. निकाल अजून लागायचा आहे.

मी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. फिटर इंजिनातला. पाइप फुटला, जिना निखळला, कप्तानसाहेबांच्या कपाटाचं कुलूप अडलं, की बोलवा फिटरला. अकरा वर्षांत आम्ही सहा जहाजांवर बरोबर होतो. त्यात योगायोग काही नव्हता. कंपनीत माणसं नेमणाऱ्या बाईंना मी दर वेळी गळ घालायचो. "आम्हाला वेगळं पाठवलंत तर दोघांचीही प्रकृती बिघडेल," असं म्हणायचो, आणि त्या हसून आमची नावं एकाखाली एक लिहायच्या.

खरं कारण त्यांना कधी सांगितलं नाही. फिटरला ऐकू येत नव्हतं. बावीस वर्षं इंजिनाच्या धडधडीत काढल्यावर त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. जहाजावर चढण्याआधी डॉक्टर तपासायचे. कानांना हेडफोन लावायचा आणि आवाज आला की बटण दाबायचं. प्रत्येक आवाजाला यंत्रावर एक हिरवा दिवा लागे. तो फिटरला दिसत नसे, पण दाराच्या काचेतून मला दिसे. दिवा लागला की मी नाक खाजवायचो आणि तो बटण दाबायचा. असा तो तीनदा माझ्या नाकाच्या जोरावर पास झाला. एकदा डॉक्टरांनी मलाच सर्दीचं औषध लिहून दिलं.

हे चुकीचं होतं आणि ते मला कळत होतं. पण जमिनीवर बसवला असता तर तो घरातल्या दारांच्या बिजागऱ्या काढत आणि लावत वेडा झाला असता. आणि मलाही तो हवा होता, हे कशाला लपवू? जहाजावर त्याचे कान मी होतो. आमची हातांची एक भाषा तयार झाली होती. मूठ खांद्याला लावली की 'इकडे ये', हनुवटीला दोन बोटं म्हणजे 'साहेब येतोय, कामाला लाग', पंजा समोर केला की 'आहेस तिथेच थांब'. इंजिनच्या आवाजात सगळेच खुणा करतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. धोक्याचा भोंगा वाजला की त्याला शोधून हाताला धरून न्यायचं, हे काम मी आपणहून माझ्याकडे घेतलं होतं.

त्या वर्षी आमचं जहाज दर दीड महिन्याने पट्ट्यातून जात होतं. पट्टा म्हणजे चिंचोळ्या समुद्रात नकाशावर आखलेल्या दोन समांतर रेषा. अर्ध्या जगाचं तेल, धान्य, खेळणी आणि पंखे त्या रेषांमधून जायचे, म्हणून लुटारूही तिथेच टपलेले असायचे. छोट्या वेगवान बोटी, एकेकीत पाच-सहा माणसं, बंदुका, आणि एक लांब शिडी. शिडी एकदा कठड्याला अडकली की पुढचे सहा-सात महिने आपले नाहीत. दुसऱ्या जहाजावरचा आमच्या ओळखीचा एक भंडारी असा ओलीस राहून सुटून आला होता. पूर्वी तो इतका बडबड्या, की त्याला गप्प करायला चहा द्यावा लागायचा. परत आला तो बायकोशीसुद्धा मानेनेच बोलायचा.

म्हणून पट्टा यायच्या दोन दिवस आधी जहाजावर लगीनघाई उडायची. कठड्यांना काटेरी तारा बांधायच्या, पाण्याचे जाड पाइप बाहेरच्या बाजूला रोखून ठेवायचे, आणि जावई उभे करायचे. जावई म्हणजे बाहुली. जुन्या बॉयलर सुटात चिंध्या आणि दोरीचे तुकडे कोंबायचे, डोक्याच्या जागी रंगाचा रिकामा डबा, त्यावर हेल्मेट. दुरून पाहणाऱ्याला वाटावं की डेकवर पहारेकरी आहेत. दिवसभर नुसते उभे राहतात, इकडची काडी तिकडे करत नाहीत, आणि तरी आपणच त्यांचे कपडे सारखे करत फिरायचं, म्हणून त्यांना हे नाव पडलं. मागच्या कठड्यावर चार असायचे. थोरला जरा ताठ होता, चौथ्याचं पोट सुटलं होतं. फिटर येता-जाता त्यांची विचारपूस करायचा. "काय जावईबापू, जेवलात का?" असं इतक्या मोठ्याने विचारायचा, की ब्रिजवरून कप्तानसाहेब खाली बघायचे.

नियम एकच होता. भोंगा वाजला की कप्तानसाहेब आणि सुकाणूवरची दोन माणसं वर ब्रिजवर, बाकी सगळे किल्ल्यात. किल्ला म्हणजे जहाजाच्या मागच्या पोटातली यंत्राची खोली. जाड पोलादी दार, आतून चार आडणे, म्हणजे आडवे अडसर. शेवटचा आत जाणारा मी. दार एकदा लागलं की कोणासाठीही उघडायचं नाही. 'कोणासाठीही' हा शब्द कप्तानसाहेब सरावाच्या वेळी दोनदा म्हणायचे.

त्या दिवशी सकाळचे साडेनऊ वाजले होते. स्वच्छ ऊन, समुद्र तेलासारखा गुळगुळीत. मी पुढच्या डेकवर होतो आणि भोंगा वाजला. सरावाचा नव्हता. सरावाचा आदल्या रात्री सांगून वाजायचा. डाव्या बाजूला तीन बोटी पांढऱ्या रेघा ओढत येत होत्या. मी धावत फिटरच्या वर्कशॉपमध्ये गेलो. दिवा बंद, तो नाही. त्याच्या केबिनमध्ये पाहिलं, तिथेही नाही. एव्हाना कुणीतरी त्याला खाली नेला असेल असं वाटलं. किल्ल्याकडे उतरायच्या जिन्यापाशी मागच्या डेकचं दार होतं. नियमाप्रमाणे बाहेर कुणी उरलंय का ते मी पाहिलं. डेक रिकामा होता. कठड्याशी चार जावई उभे होते.

मी ते मोजले. लहानपणी माणसांवर बोट रोखलं म्हणून आईने असा रट्टा दिला होता, की तेव्हापासून मी बोटाने मोजत नाही. पंजा पुढे करत मोजतो, एकेकासमोर एकदा. एक, दोन, तीन, चार. चौथ्याचं डोकं माझ्या दिशेला वळलं होतं. वाऱ्याने त्यांचे डबे फिरायचेच. मी दार ओढलं, कडी घातली आणि खाली उतरलो.

किल्ल्याचे आडणे लावून मी माणसं मोजली. अठरा हवी होती, सतरा भरली. पुन्हा मोजली. पुन्हा सतरा.

"फिटर कुठाय?" मी शेजारच्या भंडाऱ्याला कानाशी लागून विचारलं.

भंडारी म्हणाला, "सकाळी माझ्याकडे आला होता, चिंध्या मागायला. त्या चौथ्या जावयाचं पोट फाटलं म्हणून काढून ठेवलंय म्हणाला. त्याला टांगायचा कठड्यावरचा हूक सैल झालाय, तो बदलून मग लावतो म्हणाला."

कठड्याशी तीनच जावई होते. मी चार मोजले होते.

मी भिंतीवरच्या फोनवर झडप घातली. "साहेब, फिटर बाहेर राहिलाय. दार उघडतो."

"उघडायचं नाही, सारंग." कप्तानसाहेबांचा आवाज एकदम कोरडा होता. "बोटी पाचशे मीटरवर आहेत."

"साहेब, त्याला..." मी थांबलो. त्याला भोंगा ऐकू आला नसेल, हे सगळ्यांसमोर कसं म्हणायचं? "साहेब, तो माझा माणूस आहे."

"माझाही आहे. कोणासाठीही नाही म्हणजे नाही."

मी आडण्याला हात घातला तेव्हा भंडाऱ्याने मला मागून मिठी घातली आणि सोडलं नाही. मग जहाज कलायला लागलं. साहेब ते डावी-उजवीकडे वळवत होते. वरून टकटक असे आवाज आले, कुणी पोलादावर हातोडीची बारीक बाजू मारावी तसे. कुणीतरी म्हणालं, गोळ्या. मी खाली बसलो. पन्नाशीला आलेला सारंग सगळ्यांदेखत रडला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. अकरा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा मी नजरेने ढकलत होतो.

मग फोन वाजला. बोटी वळल्या होत्या. गस्तीच्या लढाऊ जहाजावरून निघालेलं हेलिकॉप्टर क्षितिजावर दिसलं म्हणून वळल्या, की आमच्या वळणांनी त्यांच्या नाकी नऊ आले म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. दार उघडलं. कठड्याशी चौघं तसेच उभे होते. तिसऱ्या जावयाच्या छातीला दोन भोकं पडली होती आणि चिंध्या डेकवर सांडल्या होत्या. त्याच्या शेजारी हातभर अंतरावर फिटर उभा होता. अंगात बॉयलर सूट, डोक्यावर हेल्मेट, हात अंगालगत, पाना मुठीत. चेहरा पांढराफटक पडला होता. मला पाहिल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "अरे, आता तरी हलू का?"

मला काही कळलं नाही. मी जाऊन त्याला घट्ट धरलं. आम्ही दोघं तसेच डेकवर बसलो. थोड्या वेळाने कप्तानसाहेब धावत खाली आले.

"तू बाहेर काय करत होतास?" त्यांनी ओरडून विचारलं.

"सारंगने थांब म्हणून सांगितलं," फिटर म्हणाला. "मी हूक बसवत होतो. मागे वळलो तर हा दारात. सरळ माझ्याकडे बघून पंजा दाखवला. मग पाहतो तर बोटी. म्हटलं, जावयांत एखादा तरी खरा हवा असेल. हलायचं नाही म्हणजे नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. "सारंग, तुझं डोकं की काय!" साहेब म्हणाले. "आणि फोनवर तर दार उघडतो म्हणत होतास."

मी तोंड उघडलं, पण साहेबांनीच उत्तर देऊन टाकलं. "साहजिक आहे. एवढं करून बसल्यावर जीव राहिला नसेल."

मी मूग गिळून गप्प बसलो. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: याला भोंगा कसा ऐकू आला नाही? मग कानांची तपासणी, मग पुढच्या बंदरातून घर. त्याच्या नोकरीसाठी मी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण सगळे ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होते, ती मला आवडली होती, हेही तितकंच खरं. भंडाऱ्याने मात्र तेवढा वेळ माझ्याकडे पाहिलं नाही. तो खाली वाकून डेकवरच्या चिंध्या गोळा करत राहिला. पुढे कधी त्याने तो विषय काढला नाही.

कंपनीने दोघांना प्रशस्तिपत्रं दिली. माझं मी कपाटाच्या तळाशी टाकलं, फिटरने त्याचं बैठकीत लावलं. त्यानंतर आणखी दोन वर्षं आम्ही बरोबर होतो, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं होती हे म्हणायला माझी जीभ जड होते. तो माझ्यावर पूर्वीपेक्षा जास्त विश्वास टाकायला लागला. नव्या जहाजावर चढलो की पहिल्याच जेवणाला ती गोष्ट सांगायचा. दर वेळी बोटी थोड्या जवळ यायच्या आणि मी थोडा जास्त हुशार व्हायचो. त्याच्या घरी गेलो की वहिनी मला आधी वाढायच्या. "भावजी, तुम्ही होतात म्हणून," एवढं म्हणून त्यांचे डोळे भरून यायचे. मी खाली मान घालून जेवायचो. त्यांना वाटायचं, हा किती विनयशील माणूस.

अशी चौदा वर्षं गेली. दोघेही निवृत्त झालो. फिटरच्या कानांत उरलंसुरलंही काही राहिलं नाही. आणि गेल्या महिन्यात पट्टा पुन्हा बातम्यांत आला. आता तिथे शिड्या नाहीत, आकाशातून यंत्रं येतात म्हणे. पण छोट्या बोटीही पुन्हा निघाल्या आहेत. मला नाविक प्रशाळेच्या प्राचार्यांचा फोन आला. पट्ट्यातल्या सुरक्षेवर ते एक पुस्तिका काढत होते. "तुमचा प्रसंग त्यात घेतोय," ते म्हणाले. "मजकूर पाठवतो. दोघांनी वाचून सह्या करा."

मजकूर आला. मथळा होता, 'बाहुल्यांमध्ये एक जिवंत माणूस: एक यशस्वी युक्ती'. खाली लिहिलं होतं, की अनुभवी सारंगाने पूर्ण विचाराअंती एका सहकाऱ्याला बाहेर ठेवलं, आणि योग्य परिस्थितीत हा मार्ग इतरांनाही वापरता येईल. मी ते तीनदा वाचलं. उद्या कुठला तरी सारंग, माझ्यावर भरवसा ठेवून, एका माणसाला दाराबाहेर उभा करणार होता. त्या माणसाच्या शेजारच्या बाहुलीलाच गोळी लागेल याची हमी कोण देणार? मला जेवण गेलं नाही. प्राचार्यांना फोन करायला रिसीव्हर उचलला आणि पुन्हा ठेवला. त्यांना सांगितलं की ते छापून येणार, निदान चर्चा तरी होणार. फिटरला ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याकडे गेलो. तिसरा मजला. त्याने दाराच्या घंटीला आत एक दिवा जोडलाय, बटण दाबलं की तो बैठकीत लुकलुकतो. दार उघडून त्याने माझ्या पाठीत नेहमीसारखी थाप मारली. कानातलं यंत्र खणात पडलेलं होतं. "त्यात भांडीच जास्त ऐकू येतात, माणसं कमी," असं त्याचं म्हणणं. वहिनी स्वयंपाकघरात होत्या.

आता पंचाईत अशी, की फिटरला काही सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडलं तर ते खालच्या मजल्यापर्यंत जातं. मी टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, त्याच्या खिशातली पेन्सिल घेतली आणि कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'त्या दिवशी मी खूण केली नव्हती. जावई मोजत होतो. तुला चौथा समजलो आणि दार लावलं.'

त्याने चष्मा लावला. वाचलं. कागद खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा वाचलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो ओरडेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं, माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि माझ्या ओळीखाली लिहिलं: 'मला पळायचं होतं. पाय उचललासुद्धा होता. तू थांब म्हणालास म्हणून ठेवला.'

मी पेन्सिलीसाठी हात पुढे केला, पण त्याने ती सोडली नाही.

त्याने पुढे लिहिलं: 'तेव्हाच कळलं होतं तुला?'

मी मान हलवली. कळलं होतं.

मी पुस्तिकेचा मजकूर त्याच्यापुढे सरकवला. मथळा वाचून तो किंचित हसल्यासारखा झाला, मग पुढचं वाचलं तसं ते हसू गेलं. त्याने पेन्सिल पुन्हा उचलली. अक्षर आता मोठं आणि दाबून होतं: 'यांना सगळं खरं सांग. आजच सांग. माझ्या कानांचंही सांग. कुणालाही बाहेर ठेवू नका म्हणावं.' स्वयंपाकघराकडे बघत त्याने खाली दोन शब्द लिहिले. 'इथे नको.'

मग त्याने वर्तमानपत्राची ती कड सावकाश फाडली, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

वहिनी चहा घेऊन आल्या. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्या थबकल्या. "आज एवढे गप्प? भांडलात की काय?" त्यांनी त्याला दिसेल असं सावकाश विचारलं.

फिटरने त्यांचे ओठ वाचले. "छे गं," तो त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला. "हा विचारतोय, त्या दिवशी भीती वाटली होती का म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

माझ्याकडे न बघता त्याने आपला कप उचलला. "म्हटलं, कसली भीती? सारंग होता ना."

वहिनी हसल्या आणि त्यांनी माझ्या हातात कप दिला. मी चहा बशीत ओतला आणि खाली मान घालून पीत राहिलो.